स्टेपनी, जॅक आणि आपण सुशिक्षित

कला शाखेच्या वार्षिक अंकात मोटारीच्या जॅकवर लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. कथा, कविता, प्रवासवर्णन यांच्या पंक्तीला पंक्चर झालेले चाक शोभत नाही, असा आपला समज असतो. मला हा समज मान्य नाही. ज्या कामात माणसाचा जीव जाऊ शकतो, ते काम कोणत्या शाखेचे, हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता चारचाकी आली आहे. ज्यांच्याकडे नाही तेही लग्नाला, सहलीला भाड्याची जीप करतातच. वाटेत चाकाची हवा गेली की आपण सारे उतरून झाडाची सावली गाठतो. ड्रायव्हर किंवा टायरवाल्याकडचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा जॅक लावतो. मग एखादा नट घरंगळत आत गेला की तो खुशाल गाडीखाली सरकतो. हे दृश्य मी रस्त्याच्या कडेला कितीदा तरी पाहिले आहे. अशा वेळी आपल्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘अजून किती वेळ?’

वास्तविक जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक जेमतेम तळहाताएवढ्या बुडावर उभा असतो. मारुती ८०० सारखी हलकी गाडीसुद्धा साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. सरळ खाली येणारे वजन हा जॅक पेलतो, पण बाजूने बसलेला एक धक्का त्याला आडवा करतो. तेलाच्या जॅकची गोष्ट निराळी नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्या पास्कलचे नाव आपण ऐकतो, त्यानेच सतराव्या शतकात मांडलेला द्रवाच्या दाबाचा नियम या जॅकमध्ये राबतो. लहान पिस्टनवरचा थोडा जोर मोठ्या पिस्टनखाली कित्येक पट होतो. मात्र सारा भार अखेर तेलावर आणि ते अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. सील झिजले की गाडी खाली येते. कधी हळूहळू, तर कधी एकदम.

‘हँडब्रेक ओढला आहे, गाडी गिअरमध्ये आहे, मग भीती कसली?’ असे विचारले जाते. हे दोन्ही करावेच. पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागचे एक चाक उचलले की त्याची निम्मी पकड गेली. गिअर धरतो तो इंजिनाने चालणाऱ्या चाकांना. त्यांतले एक अधांतरी झाले की ते मोकळे उलटे फिरते आणि दुसरे घरंगळू शकते. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना, विशेषतः उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला, दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावलेच पाहिजेत. उतारावर, घाटात किंवा पावसाने भुसभुशीत झालेल्या साइडपट्टीवर हे काम करूच नये. फाटलेला टायर आणखी फाटला तरी चालेल, पण गाडी हळूहळू सपाट, टणक जागी न्यावी. माणसे आधी उतरवावीत आणि वाहतुकीपासून दूर उभी करावीत.

आपला परिचय रंगभूमीवरच्या नटांशी अधिक. चाकाच्या नटांचाही एक क्रम असतो. चाक जमिनीवर असतानाच ते अर्धा फेरा सैल करावेत. गाडी वर उचलून मग पान्ह्यावर जोर दिला, तर तो जोर जॅकलाच आडवा पाडतो. जॅक लावायचा तो गाडीच्या कडेखाली त्यासाठी ठेवलेल्या जागीच. स्टेपनी बसवल्यावर नट समोरासमोरचे असे बेताने आवळावेत आणि गाडी खाली उतरल्यावरच घट्ट करावेत.

मधल्या वेळात स्टेपनी, आणि ती चढवताना काढलेले चाक, जॅकजवळ गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकेल. ही केवळ खबरदारी झाली, खाली शिरण्याची परवानगी नव्हे. खाली शिरायचेच असेल तर लोखंडी स्टँडवर गाडी टेकवूनच. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे नकोत. ते तडकतात तेव्हा आधी इशारा देत नाहीत.

‘ज्याचे काम त्याने करावे,’ असे काही प्राध्यापक व मित्र म्हणतील. काम त्यानेच करावे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु गाडी आपली, घाई आपली आणि धोका मात्र त्या पोराचा, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. श्रमिकांच्या दुःखावर आपण निबंध लिहितो, वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतो. मग आपल्यासमोर गाडीखाली सरकणाऱ्या मुलाला ‘थांब, आधी दगड लाव, बाहेर ये’ असे सांगण्याइतके ज्ञान आपल्याजवळ नको काय? ज्याला धोका दिसतच नाही, त्याची सहानुभूती कोणाच्या उपयोगी पडणार?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरात एक दुपार या शिक्षणासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. एखाद्या जाणत्या मेकॅनिकला मानाने बोलवावे आणि मुलांनी व मुलींनी स्वतःच्या हाताने चाक बदलावे. हात काळे होतील, ते साबणाने निघतील. त्यानंतर ‘अजून किती वेळ?’ असे विचारण्याआधी आपली नजर जॅककडे जाईल, एवढे झाले तरी ती दुपार सार्थकी लागली असे मी समजेन.