एअर फिल्टरचा डबा कापण्याआधी



भंडारा, तुमसर, पवनी, साकोली भागात आपल्या समाजातील बऱ्याच मुलांनी कर्ज काढून जुन्या मोटारी, पिकअप घेतल्या आहेत. कोणी शाळेची मुले नेतो, कोणी धानाची पोती, कोणी लग्नाचे वऱ्हाड. चांगली गोष्ट आहे. परंतु यांपैकी काहींच्या डोक्यात एक खूळ शिरले आहे. बोनेटखालच्या एअर फिल्टरच्या काळ्या डब्याला भोके पाडायची, नाहीतर तो काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावायचा. म्हणे गाडी मोकळा श्वास घेते आणि पळते!

गॅरेजवाला सांगतो म्हणून ते खरे मानायचे काय? ऐकीव गोष्ट आधी स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा तपासूच.

एक लिटर पेट्रोल जळायला ढोबळमानाने 9,000 लिटर हवा लागते. कंपनीचा डबा ती बहुधा समोरच्या जाळीजवळून किंवा दिव्यामागून नळीने घेतो, कारण तेथे ती थंड असते. हवा 10 अंशांनी तापली की विरळ होते आणि तिच्यातला प्राणवायू सुमारे 3 टक्क्यांनी घटतो. डबा कापला की इंजिनाने तापवलेलीच हवा पुन्हा इंजिनात जाते. मे महिन्यात आपल्याकडे बोनेटखाली कशी भट्टी असते, हे ड्रायव्हर मंडळींना काय सांगावे! वाढतो तो आवाज. हवेची घरघर दाबणे हेही त्या डब्याचे काम असते, आणि पोरांना तो आवाजच ताकद वाटतो.

खरे नुकसान धुळीचे. तुमसरकडच्या मॅंगनीज खाणी, वैनगंगेची रेती वाहणारे ट्रक, राईस मिलचा कोंडा. रेतीचा बारीक कण पिस्टनच्या रिंगांपेक्षा कठीण असतो. फिल्टरच्या बाजूने तो आत शिरला की रिंगा आणि बोअर घासतो. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर सोडते. फिल्टर काही शे रुपयांत येतो, इंजिन खोलायला हजारो लागतात. गाडी गॅरेजात उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. त्या महिन्यात घरातल्या कोणाची फी राहते, कोणाचे औषध राहते, ते घरच्या बाईला विचारा.

थंड हवेसाठी काही जण नळी खाली बंपरपाशी नेतात. ऑगस्ट 2020 चा वैनगंगेचा पूर आठवा. नळीने पाणी ओढले तर ते सिलिंडरमध्ये दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. कंपनी हवेचे तोंड उंचावर ठेवते ते उगीच नाही.

शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बदल लपवला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

मग करावे काय? फिल्टर वेळेवर बदलावा. आपले रस्ते पाहता पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या दाबाने. बसवण्याआधी डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसावा, रबरी कड फाटली आहे का पाहावे, आणि सगळ्या क्लिपा लागल्या की नाही हे बोटाने चाचपून मगच बोनेट लावावे.