अशिलाची ठेव

मुंबई-कोलकाता महामार्ग साकोलीतून जातो आणि याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. रस्ता आणि धरण, दोन्हींसाठी जमिनी गेल्या. त्यामुळे भूसंपादनाचा मोबदला हा शब्द येथील शेतकरी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. दाव्यात वाढवून मिळालेली रक्कम बहुधा न्यायालयात जमा होते व वकिलामार्फत काढली जाते. वकिलाच्या हाती आलेला हा पैसा अशिलाचा असतो. वकिलाकडे ती केवळ ठेव असते.

उत्तर प्रदेशातील बैजू नावाच्या अशिलाचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. भूसंपादनाच्या मोबदल्याचे ८,११८ रुपये न्यायालयात जमा होते. वकील हरीशचंद्र तिवारी यांनी ते १९८७ मध्ये काढले आणि अशिलास कळविलेही नाही. वृद्ध, निर्धन व निरक्षर बैजूने तक्रार केली, तेव्हा तडजोड झाल्याचे प्रतिज्ञापत्र पुढे आले. तेही बनावट ठरले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने तीन वर्षांसाठी वकिली स्थगित केली. शिक्षा कमी व्हावी म्हणून तिवारी सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २००२ मध्ये उलटेच घडले: अशिलाच्या पैशाचा अपहार हे वकिलाच्या सर्वांत गंभीर गैरवर्तनांपैकी एक मानून न्यायालयाने त्यांचे नाव वकिलांच्या पटावरूनच कमी केले. रक्कम लहान आहे, हा बचाव उपयोगी पडला नाही. मुंबईच्या एका वकिलाची सनद अशाच कारणाने गेली, तो निर्णयही याच न्यायालयाने १९९३ मध्ये कायम ठेवला होता.

व्यापारी घराण्यांना बार कौन्सिलचे नियम अपरिचित वाटणार नाहीत. ते जवळजवळ रोजमेळाचेच नियम आहेत. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा. फी कोणती व खर्चासाठी दिलेले कोणते, हे वेगळे दाखवावे. खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी सूचनेवाचून फीकडे वळवू नये. अशिलाच्या वतीने पैसे मिळताच त्यास कळवावे. ते पैसे कर्ज म्हणून स्वतःकडे ठेवू नयेत. मागितल्यास हिशेबाची नक्कल द्यावीच लागते. तरीही आपल्याकडे वकीलसाहेबांना हिशेब विचारणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि नेमका येथेच घात होतो.

तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार समज, स्थगिती वा पटावरून नाव कमी करणे, असे आदेश होऊ शकतात. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. या कारवाईने सनद जाते, पैसे मात्र आपोआप परत येत नाहीत; त्यांसाठी वेगळा दावा लागतो, आणि विश्वासघाताची फौजदारी फिर्यादही करता येते. म्हणून मोबदल्याचा निकाल लागला की किती रक्कम जमा झाली, कोणी व कधी काढली, हे न्यायालयाच्या नाझराकडे स्वतः जाऊन विचारावे.