नाथांची पंगत आणि गंगारामांचा चहा

सिनेमावर लिहावे इतका काही मी त्यातला जाणकार नव्हे. पण प्रभातच्या 'धर्मात्मा'चा (१९३५) विषय निघाला की एक विचार मनात येतोच. तो आज मांडतो.

'प्रभात' १९२९ साली आपल्या कोल्हापुरातच जन्मली. १९३३ मध्ये पुण्याला गेली. शांतारामबापूंच्या या चित्रपटात एकनाथ महाराज झाले होते बालगंधर्व. ज्यांना साऱ्या महाराष्ट्राने शालू-पैठणीत पाहिले, ते इथे पुरुष भूमिकेत! चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा'. ते गांधीजींकडे बोट दाखवते म्हणून सेन्सॉरला खपले नाही आणि बदलावे लागले. नाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात आणि ब्रह्मवृंद उलटतो, ही गोष्ट सोळाव्या शतकातली. पण साडेतीनशे वर्षांनंतरही ती कुणाला तरी झोंबली, यातच चित्रपटाचे यश आले.

तरी एक गोष्ट खटकते. अशा चित्रपटांत धैर्य नेहमी वरच्या पायरीवरून खाली उतरणाऱ्याचेच असते. अमेरिकेतला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) घ्या. ग्रेगरी पेकने रंगवलेला गोरा वकील सगळ्यांच्या लक्षात राहतो. खोटा आळ येऊन जिवानिशी गेलेला काळा टॉम रॉबिन्सन किती जणांना आठवतो?

आता आपल्या गावचे गंगाराम कांबळे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांनी मार खाल्ला. शाहू महाराजांनी मदत करून त्यांना हॉटेल काढून दिले, स्वतः तिथे चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. महाराजांचे मोठेपण वादातीत आहे. पण आपण गोष्ट तिथेच संपवतो. महाराज चहा घेऊन निघून जात. दुकान मात्र गंगारामांनाच उघडावे लागे. ज्या गावाने शिवाशिवीपायी मारले, त्याच गावात भर रस्त्यावर चूल पेटवून कपबशी पुढे करायची, याला काय छाती लागत असेल! हे धैर्य मला महाराजांच्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. तेव्हा त्यावर कुणी चित्रपट काढला नाही.

'धर्मात्मा' नातवंडांना जरूर दाखवा. पण नंतर एवढे विचारा: नाथ जेवून परतले, ज्यांनी त्यांना जेवू घातले त्यांचे दुसऱ्या दिवशी काय झाले असेल?