विश्लेषण : औषधांसोबत रंग, ताल आणि नाटक… आर्ट थेरपीने मानसिक आजार बरा होतो का?

औषधे सुरू झाली, भास थांबले, रुग्ण घरी आला. पण पुढे काय? नोकरी सुटलेली, मित्र दुरावलेले, अख्खा दिवस रिकामा. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्यातून सावरणाऱ्या अनेकांची खरी अडचण इथून सुरू होते. चित्र, संगीत, नाटक यांचे गट इथे उपयोगी पडू शकतात. मात्र त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

आर्ट थेरपी म्हणजे काय?

हा चित्रकलेचा क्लास नव्हे. मोजकी माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी प्रशिक्षित व्यक्तीसोबत जमतात. चित्र सुंदर आले की नाही, याला महत्त्व नसते. जे बोलता येत नाही ते कागदावर, मातीत किंवा तालात उतरू द्यायचे आणि जमेल तसे गटात त्यावर बोलायचे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केला. क्षयरोगावर उपचार घेताना चित्रे काढल्याने त्यांना आधार मिळाला होता.

संशोधन काय सांगते?

उत्तर सरळ नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केले. नेहमीच्या उपचारांना गटातील आर्ट थेरपीची जोड देऊनही दोन वर्षांनी फरक दिसला नाही. मात्र गटांतील हजेरीच कमी होती. दुसरीकडे, निरुत्साह, अबोलपणा, एकटेपणा अशा लक्षणांसाठी कला-उपचारांचा विचार करावा, असे ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सुचवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानेही ३,००० हून अधिक अभ्यासांच्या आधारे कलेची मदत मान्य केली. थोडक्यात, कला औषधाची जागा घेत नाही.

सातारा-सांगलीत अडचण कुठे?

राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये या दोन्ही जिल्ह्यांबाहेर आहेत. पुणे साताऱ्याहून सुमारे ११० किलोमीटर, तर सांगलीहून सुमारे २३० किलोमीटर. दर आठवड्याच्या गटासाठी हे अंतर परवडणारे नाही. माण किंवा जतहून जिल्ह्याच्या गावी यायचे तरी सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. हजेरी तुटते ती इथे.

जमेची बाजूही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यात काम करते. मिरज आणि सातारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, ती सांगली नाट्यपंढरी म्हणून ओळखली जाते. डॉक्टर आहेत, कलावंतही आहेत. तालुक्याच्या ठिकाणी त्यांची सांगड घालणे, हा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार प्रत्येकाला सरकारी सेवेचा हक्क आहे. घरी किंवा वस्तीत राहून पुनर्वसन हाही त्याचाच भाग, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा देणे ही सरकारची जबाबदारी. मात्र याच कायद्यातील ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत आर्ट थेरपिस्टचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे पाटी पाहून विश्वास ठेवण्यापेक्षा चौकशी केलेली बरी.

कुटुंबाने काय विचारावे?

• गट चालवणाऱ्याचे प्रशिक्षण काय? मनोविकारतज्ज्ञाशी संपर्क असतो का?
• औषधे बंद करायला सांगितले जाते का? तसे असल्यास दूर राहावे.
• रुग्णाची चित्रे, फोटो त्याच्या परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकले जातात का?
• गट वर्षभर चालणार की दोन दिवसांच्या शिबिरापुरताच?

तातडीच्या मदतीसाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.