झेंडूची फुले आणि बोथट करवत

बेदर म्हटले की कीर्तनात वाढलेल्या गोमंतकीयाला दामाजीपंत आठवतात आणि दिवाणखाना सजवणाऱ्याला बिदरी फुलदाणी आठवते. त्या फुलदाणीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. माझे भांडण आहे ते हे कौतुक जिथे येऊन थांबते त्या जागेशी!

बिदरी वस्तू कशी घडते ते पाहा. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असा धातू ओततात. वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात आणि तिच्यावर नक्षी रेखतात. मग ती व्हाइसमध्ये आवळून बारीक छिन्न्यांनी खाचा कोरतात व त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने जस्त काळेभोर होते, चांदी मात्र चमकत राहते. त्या मातीच्या गूढावर आपण रकानेच्या रकाने लिहितो. पण व्हाइसचे जबडे झिजले असतील तर वस्तू सरकते, छिन्नी बोथट असेल तर खाचेची कड फाटते. मग माती किल्ल्यातली असली म्हणून काय उपयोग? ज्या हत्यारावर सारी कला उभी आहे, त्याच्या धारेवर एक ओळही कोणी लिहीत नाही.

हीच गत आपल्याकडच्या सुताराच्या करवतीची. माझ्या घराच्या पडवीत एक छोटे कामठाण आहे. तिथे मी जुन्या करवती घासतो आणि जुने व्हाइस खोलून बसवतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो. करवत म्हणजे दाते पाडलेली पट्टी नव्हे. लाकूड उभे, रेषांच्या दिशेने चिरायची करवत असेल तर तिचा प्रत्येक दात लहानशा पटाशीसारखा सरळ घासावा लागतो. रेषा आडव्या कापायच्या असतील तर दाताच्या कडा सुरीसारख्या तिरक्या घासाव्या लागतात. आधी सपाट कानस फिरवून सगळी टोके एका उंचीला आणायची. मग दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित झुकवायचे, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. त्यानंतर दोन लाकडी पट्ट्यांमध्ये पाते धरून तिधारी कानशीने एकाआड एक दात घासायचा आणि पाते फिरवून उरलेले. हे ज्याला येते त्याला लाकूड कळते. ज्याला येत नाही तो दुकानदारावर अवलंबून राहतो.

आणि दुकानदार काय देतो? ज्याचे दात कारखान्यातच इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस नुसती घसरते, अशी करवत. ती नवी असताना छान कापते, यात शंका नाही. पण बोथट झाली की फेकून द्यायची. शतकानुशतके जे कौशल्य मेस्ताच्या बोटांत होते ते कारखान्याने स्वतःकडे ओढून घेतले, आणि आपण त्याला सोय म्हणून टाळ्या दिल्या!

व्हाइसचेही तेच. बहुतेक वेळा "बिघडलेला" व्हाइस बिघडलेला नसतोच. जुने ग्रीस आणि भुसा यांचा गोळा आट्यांत बसलेला असतो. स्क्रू पूर्ण उलटा फिरवून पुढचा जबडा बाहेर काढा, रॉकेलने व तारेच्या ब्रशने घासा, नवे ग्रीस लावा. जबड्याच्या पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर त्या बदलता येतात. आटे झिजले असतील तर बऱ्याच नमुन्यांत नट वेगळा काढून दुसरा बसवता येतो. बिडाचे अंगच तडकले असेल तर गोष्ट वेगळी, कारण बिडाला जोड देणे नवशिक्याचे काम नव्हे. पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात नुसता गंज चढला म्हणून भंगारात जाणाऱ्या व्हाइसचा गुन्हा तो काय?

यावर लोक म्हणतात, रोजंदारीवरच्या माणसाला घासत बसायला वेळ कुठे, नवी करवत स्वस्त पडते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो कारागिराच्या तोंडावर फेकू नये. त्याचा वेळ महाग करून दुरुस्ती परवडेनाशी केली कोणी? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये आहेत, स्वस्त कर्ज आहे. चांगलेच आहे. पण लाभांच्या यादीत अवजारांच्या दुरुस्तीला स्वतंत्र जागा नाही. २०२२ सालच्या अखेरीस केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात शेतीची यंत्रे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने आली. सुताराची करवत त्यात कोणाला आठवली नाही.

याच बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी हाताच्या कामाला, कायकाला, पूजेचे मोल दिले. चांभार, धोबी, नावाडी त्या मंडळीत मानाने बसले. आपण मात्र उलटे केले. काम सोडले आणि पूजा तेवढी ठेवली. खंडेनवमीला करवतीला हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळ्यावर गंजायला टाकतो. ही संस्कृती नव्हे, हा संस्कृतीचा देखावा आहे.

माझे मागणे मोठे नाही. अवजारांच्या मदतीतून धार आणि दुरुस्ती यांचाही खर्च भागू द्या. शाळेतल्या कार्यानुभवात कागदी फुलांऐवजी एकदा तरी मुलांच्या हातात कानस द्या. गावात धार लावणारा मेस्त अजून असेल तर त्याच्याकडे दोन मुले शिकायला बसवा आणि त्याला त्याचे मानधन द्या. आणि वाचकहो, यंदाच्या खंडेनवमीला फूल वाहण्याआधी करवतीच्या दातांवरून अंगठा जपून फिरवून पाहा. तो निर्धास्त फिरला, तर आपण बोथट लोखंडाला नमस्कार करतो आहोत असे खुशाल समजावे.