कन्याशाळा : कुंपण की अंगण?

'मुलींच्या वेगळ्या शाळा-महाविद्यालये आता कशाला?' हा प्रश्न हल्ली पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींकडूनच अधिक ऐकू येतो. उद्या मुलगा-मुलगी एकाच कचेरीत काम करणार, मग वर्ग तेवढा वेगळा का? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मात्र तो जळगाव-धुळ्याच्या वर्गात बसून केलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

विरोधकांचे जे खरे आहे, ते आधी मान्य करू. पाल्के, हाइड आणि ॲलिसन या संशोधकांनी २०१४ साली १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जे अभ्यास काटेकोर तुलनेवर आधारलेले होते, त्यांत वेगळ्या शाळांचा लाभ नगण्य आढळला. उलट दक्षिण कोरियातील सोल शहरात सोडतीने शाळा मिळणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा २०१३चा अभ्यास अशा शाळांच्या बाजूने कौल देतो. म्हणजे गुणपत्रिका मांडून हा वाद मिटणारा नाही. शिवाय आमच्याच जळगाव जिल्ह्यातील नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील मूळजी जेठा महाविद्यालयात, सहशिक्षणातच, शिकल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या.

पण एका शिखरावरून साऱ्या पठाराची उंची ठरवता येत नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८४२. जिथे मुलीच्या जन्माचाच हिशेब असा मांडला जातो, तिथला एकत्र वर्ग आपोआप समतेचा वर्ग होतो, हे गृहीतक कोणत्या आधारावर? घरातली उतरंड बाकांवरही येऊन बसते. मी दोन्ही प्रकारच्या वर्गांत मराठी शिकवले आहे. एकत्र वर्गात कविता वाचून झाल्यावर 'कोणाला काही म्हणायचे आहे?' असे विचारले, की उत्तर मुलांच्या बाजूने येते. मुलींची उत्तरे तास संपल्यावर, वहीच्या समासात सापडतात. मंडळाचा अध्यक्ष मुलगा, सूत्रसंचालन आणि रांगोळी मुलींकडे, ही वाटणीही कोणी ठरवलेली नसते, म्हणूनच ती मोडत नाही. केवळ मुलींच्या वर्गात ही सोय उरत नाही. वादविवादात विरोधी बाजू मांडायलाही मुलगीच लागते, भित्तिपत्रकाची संपादकही तीच, आणि मागच्या बाकावरून आगाऊ प्रश्न विचारणारीही तीच. तिथेच मी विद्यार्थिनींना न लाजता अहिराणीत वाद घालताना ऐकले.

साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. मराठी स्त्रीची मौखिक कविता कुठे वाढली? जात्यावर. पहाटेच्या त्या कोपऱ्यात ऐकणारी बाईच होती, म्हणून सांगणारी बाई मोकळी झाली. सासर, माहेर, नवरा, देव, कोणाचाही मुलाहिजा तिथे नव्हता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेची पायरी न चढता कवयित्री झाल्या. मात्र त्यांची गाणी कागदावर उतरली ती इतरांच्या हातून, आणि सोपानदेवांच्या प्रयत्नांतून ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८मध्ये त्यांचे नाव मिळाले. नाव दिले, हे योग्यच झाले. पण जात्याचा तो कोपरा आणि स्वतःच्या हातातली लेखणी एकाच मुलीला एकाच वेळी मिळावी, ही जबाबदारी नामकरणाने फिटत नाही. ती फेडण्याची एक जागा म्हणजे कन्याशाळा.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळतो, कारण कन्याशाळांचे खरे नुकसान विरोधकांपेक्षा त्यांच्या समर्थकांनी केले आहे. 'मुलगी सुरक्षित राहते', 'वळण लागते', 'लग्नापर्यंत काळजी नाही' ही त्यांची वकिली. या भाषेत शाळा म्हणजे माजघराचाच वाढवलेला भाग. साक्रीच्या किंवा चोपड्याच्या खेड्यातला बाप केवळ 'मुलींचेच कॉलेज' म्हणून मुलीला एस.टी.त बसवतो, हे मला ठाऊक आहे. ती सवलत मी नाकारणार नाही, ज्या दाराने मुलगी आत येईल ते दार उघडेच हवे. पण आत आल्यावर तिला पुन्हा मर्यादेचेच पाठ द्यायचे असतील, तर ते दार उघडण्याचे प्रयोजन काय? १८४८ साली फुले दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ उभारले. त्या प्रयत्नांना विरोध झाला, तो त्यांनी मुलींना झाकून ठेवले म्हणून नव्हे.

तेव्हा कन्याशाळा बंद करा म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे : आधी तुमच्या एकत्र वर्गात कोण किती वेळ बोलते, हे आठवडाभर घड्याळ लावून मोजा. आणि कन्याशाळा चालवणाऱ्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याचे कौतुक थांबवून ग्रंथालय किती वाजता बंद होते, ते सांगावे. संध्याकाळी पाचनंतर तिथे मुलींना बसता येत नसेल, तर ते महाविद्यालय नव्हे, कुंपणच आहे, आणि त्याच्या बाजूने मीही उभा राहणार नाही.