प्रार्थना आणि पालकांची संमति

गेल्या महिन्यांत आमच्या कांजूरमार्गच्या घरीं दिवेलागणीच्या वेळीं एक लहानसा प्रसंग घडला. शुभंकरोति आणि परवचा आटोपून मुलें उठलीं, तों चौथींत शिकणारा आमचा नातू सहज बोलून गेला, "आजोबा, आमच्या वर्गांतला एक मुलगा प्रार्थनेला हात जोडीत नाहीं, म्हणून बाईंनीं आज त्याला रांगेबाहेर उभें केलें." तो कोणत्या धर्माचा, असें त्याच्या आजीनें विचारलें. नातवास तें ठाऊक नव्हतें. तो मुलगा रांगेबाहेर उभा असतांना रडला, इतकेंच त्याला ठाऊक होतें.

रात्रीं पंगतींत यावरून वाद पेटला. आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, म्हणाले, "देवाजवळ सद्‌बुद्धि मागितल्यानें कोणाचें काय बिघडतें?" आमच्या सूनबाई स्वतः शिक्षिका आहेत. त्या वाढतां वाढतां म्हणाल्या, "दादा, प्रार्थना चांगली कीं वाईट, हा प्रश्नच नाहीं. दुसऱ्याच्या मुलाकडून ती करवून घेण्याचा अधिकार शाळेस कोणी दिला?" पंगतींत सुनेनें असें बोललेलें आमच्या मातोश्रींना कितपत रुचलें असतें कोण जाणे, दादांनीं मात्र भात कालवतां कालवतां तें ऐकून घेतलें.

हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाहीं. येथून जवळच, पवईस आय. आय. टी.च्या आवारांत केंद्रीय विद्यालय आहे. देशभरच्या अशा विद्यालयांत सकाळीं जी प्रार्थना होते, तींत असत्याकडून सत्याकडे नेण्याची याचना करणारा बृहदारण्यकोपनिषदांतील मंत्रही आहे. मध्यप्रदेशांतील एका वकिलांनीं या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि जानेवारी २०१९ मध्यें दोन न्यायमूर्तींनीं हें प्रकरण मोठ्या पीठापुढें जावें असें ठरविलें. सरकारतर्फे सांगण्यांत आलें कीं, ही वचनें सर्व मानवजातीचीं आहेत, आणि संस्कृतांत असल्यानें कांहीं तीं एका धर्माचीं होत नाहींत. दादांचें मतही तेंच, आणि मंत्राच्या अर्थाविषयीं आमचेंही निराळें नाहीं. पण मंत्र उदात्त आहे हें आपण आपल्या ओसरीवर बसून ठरविणें निराळें, आणि तो डोळे मिटून, हात जोडून म्हणावयास दुसऱ्याच्या मुलास लावणें निराळें.

हें पटावयास वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर १८४३ सालच्या मुंबईस यावें. नारायण आणि श्रीपति शेषाद्रि हे दोघे ब्राह्मण बंधु स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकत होते. त्याच मिशनच्या संबंधानें दोन पारशी तरुणांनीं १८३९ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यामुळें शहरांत केवढी खळबळ उडाली होती. तरीहि इंग्रजी विद्येच्या ओढीनें मुलें तेथें जातच होतीं. १८४३ मध्यें नारायणानें बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपति बारा वर्षांच्या आंतबाहेरचा. तोहि मिशनऱ्यांपाशीं राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली, आणि न्यायमूर्ति पेरी यांनीं, मुलगा अज्ञान आहे म्हणून, त्यास बापाच्या हवालीं केलें. पुढें त्या पोरास जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून ब्राह्मणवर्गांत तट पडले. प्रायश्चित्त देऊन घ्यावें, या बाजूस बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि त्यापायीं त्यांना स्वजनांचाच रोष सोसावा लागला. १८५४ च्या वुडच्या खलित्यांत सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावें असें ठरलें, तें अशा अनुभवांनंतरच.

त्या बापाचें मागणें काय होतें? माझें मूल अज्ञान आहे, त्याच्या उपासनेचा निर्णय मला विचारल्यावांचून शाळेनें करूं नये, इतकेंच. आणि नेमकें तेंच आज आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमांत आहे. सर्वस्वीं सरकारी पैशानें चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेंत कोणासहि, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास अगर उपासनेस हजर राहावयास लावतां येत नाहीं. घटनासमितींत ७ डिसेंबर १९४८ रोजीं यावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं दाखवून दिलें कीं, कर सर्व धर्मांच्या लोकांकडून घ्यावयाचा आणि शिकवावयाचा एकच धर्म, हें न्यायाचें नाहीं. आणि सगळेच शिकवूं म्हटलें तर इतके पंथ असलेल्या देशांत तें साधणारें नाहीं.

दादांनीं टिळकांचा आधार घेतला. बार्शीच्या १९०८ सालच्या व्याख्यानांत राष्ट्रीय शिक्षणाच्या योजनेंत टिळकांनीं धर्मशिक्षणास अग्रस्थान दिलें होतें, हें खरेंच. परंतु त्या शाळा लोकांनीं स्वतःच्या पैशानें काढावयाच्या होत्या. सरकारच्या शाळेंत सरकारनें धर्म शिकवावा, असें त्यांत कोठें होतें? आणि धर्मांची माहिती देण्यास तर आजहि कोणाची आडकाठी नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००२ मध्यें तसें स्पष्ट सांगितलें आहे. घोडें पेंड खातें तें हात जोडावयास लावण्यापाशीं. नाशिकच्या एका अनुदानित शाळेंतील शिक्षकानें प्रार्थनेच्या वेळीं हात जोडले नाहींत म्हणून त्याची वेतनवाढ अडवून ठेवली गेली. मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें निर्णय दिला कीं, अशी सक्ति त्याच्या मूलभूत हक्काचा भंग करते. मोठ्या माणसास जें लावतां येत नाहीं, तें नऊ वर्षांच्या पोरास लावावयाचें!

जातां जातां एक कबुली देतों. आमच्या पुतण्याची मुलगी कॉन्व्हेंटांत जाते आणि तेथें रोज सकाळीं येशूची प्रार्थना म्हणते. त्याबद्दल आमच्या घरांत आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाहीं, कारण तेथें प्रवेश मिळवितां मिळवितां आमच्या नाकीं नऊ आले होते. संमति दिली काय आणि गरजेपायीं गप्प बसलों काय, यांतला फरक आम्हीं स्वतःस तरी कधीं विचारला?

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं नातवाच्या प्रवेशपत्रिकेची प्रत कपाटांतून काढली. जन्मतारीख, मातृभाषा, धर्म, जात, लसी, रक्तगट, सगळे रकाने भरलेले होते. प्रार्थनेविषयीं एक ओळहि नव्हती. दादांनीं चष्मा लावून ती दोनदां वाचली आणि स्वतःच पत्र लिहावयास घेतलें. आमच्या नातवानें प्रार्थना म्हणण्यास आमची संमति आहे. इतर पालकांसहि असेंच विचारावें, आणि जे नाहीं म्हणतील त्यांच्या मुलांस रांगेंतच उभें राहूं द्यावें, एवढा मजकूर. खालीं दादांची आणि आमची, अशा दोन सह्या आहेत. पत्र सोमवारीं नातवाच्या दप्तरांतून गेलें. त्या मुलाचें नांव आम्हांस अजून ठाऊक नाहीं.